'निघाले' हा मेसेज मधल्या वेळात होता कुठे?

नववीतल्या एका मुलीने विचारलं आहे: "मी डोंबिवलीला राहते. आई फोर्टमधल्या ऑफिसातून सुटली की व्हॉट्सॲपवर 'निघाले' असं टाकते. बहुतेक वेळा ते लगेच येतं. पण कधी कधी आई दारात उभी असते, बेल वाजते आणि तेव्हाच माझ्या फोनवर 'निघाले' येतं. आमचे सर म्हणाले, सगळे मेसेज अमेरिकेला जाऊन येतात म्हणून उशीर होतो. मग शेजारच्या खोलीतल्या दादाला पाठवलेला मेसेजपण अमेरिकेला जातो का? आणि याला इन्स्टंट म्हणतात, तर उशीर होतोच कसा?"

चॅटचे सर्व्हर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे पोचवणारे मधले कॉम्प्युटर, सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. व्हॉट्सॲपचे नव्हेत, दुसऱ्या एका ॲपमधल्या चॅटचे. पण या धंद्यात सगळ्यांसमोरच्या अडचणी त्याच आणि त्यावरचे उपायही बरेचसे सारखे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेचा मुद्दा आधी निकालात काढू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून सिंगापूर साधारण 4,000 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे 20 मिलिसेकंद. न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, वाटेत यंत्रंही लागतात, तरी जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या अशा कितीतरी केबल जमिनीवर चढतात. त्या तुटल्या तर मात्र हाल होतात. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि आपल्याकडचं नेट काही दिवस रखडत चाललं. एरवी तुझा मेसेज खरंच अमेरिकेला जातो की मुंबईतल्याच एखाद्या डेटा सेंटरमध्ये, हे त्या कंपनीने सर्व्हर कुठे ठेवलेत यावर ठरतं आणि ते बदलतही राहतं. पण गेला तरी उशीर सेकंदाच्या आतला. आईच्या प्रवासाएवढा, म्हणजे समजा दीड तासाचा, उशीर अंतरामुळे होत नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा: तो दीड तास मेसेज कुठेतरी थांबला होता. कुठे? थांबण्याच्या जागा तीनच आहेत. आईचा फोन, मधला सर्व्हर, किंवा सर्व्हर आणि तुझा फोन यांच्यामधला शेवटचा टप्पा. तुझ्या बाबतीत यातली नेमकी कुठली, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ते तुला स्वतः शोधता येईल आणि त्यासाठी डिटेक्टिव्ह व्हायची गरज नाही, आईचा फोन दोन मिनिटं मिळाला की पुरे.

आधी तुझ्या दादाचं बघू. तो शेजारच्या खोलीत आहे, दोघांचे फोन एकाच वाय-फायवर आहेत. तरी मेसेज सरळ त्याच्याकडे जात नाही, घराबाहेर सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथून परत येतो. कारण तुझ्या फोनला दादाचा फोन कुठे आहे हे माहीतच नसतं. त्याच्याकडे असतो फक्त दादाचा मोबाईल नंबर, आणि नंबर म्हणजे पत्ता नव्हे. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. तो घरी एक असतो, स्टेशनवर मोबाइल डेटावर गेल्यावर दुसरा, कॉलेजच्या वाय-फायवर तिसरा. त्यात आणखी एक गोम आहे. अजूनही वापरात असलेल्या जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची संख्या सव्वाचारशे कोटींच्या आसपास आणि जगात फोन त्याहून जास्त. म्हणून घरचा राउटर किंवा मोबाइल कंपनी अनेक फोनना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते. हे सोसायटीच्या गेटसारखं आहे. वॉचमन अनोळखी माणसाला आत सोडत नाही, पण आतल्या कुणी कुरिअर मागवलं असेल आणि तसं गेटवर सांगितलं असेल तर त्या कुरिअरवाल्याला सोडतो. राउटर तसंच करतो. आतून कुणी बाहेर बोलणं सुरू केलं तर त्याचं उत्तर आत येऊ देतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर दार बंद.

आता विचार कर, आई आणि तू दोघीही अशा गेटच्या आत. दोघींपैकी कुणीच दुसरीला आपणहून गाठू शकत नाही. उपाय एकच उरतो. दोघींनी आपापल्या बाजूने बाहेरच्या एका ठरलेल्या जागी जायचं. ती जागा म्हणजे सर्व्हर. त्याचा पत्ता जगजाहीर असतो. तुझा फोन त्याच्याशी संपर्क जोडतो आणि मग तो तोडत नाही, लाइन तशीच उघडी ठेवतो. त्या उघड्या लाइनवरून सर्व्हर तुझ्याकडे हवं तेव्हा मेसेज ढकलू शकतो. मेसेज लगेच येतो याचं कारण हे, की लाइन आधीच जोडून ठेवलेली असते.

ही लाइन म्हणजे कुणी तुझ्यासाठी वेगळी तार ओढलेली नसते. दोन्ही टोकांनी लक्षात ठेवलेला तो एक करार असतो: आपण बोलतोय, आतापर्यंत इतके बाइट मिळाले, पुढचे पाठव. या कराराला टीसीपी म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये त्याची मूळ मांडणी केली आणि 1 जानेवारी 1983 ला अर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं जाळं त्यावर आलं. त्या काळात कुणी फोन पर्समध्ये टाकून लोकलमध्ये चढत नव्हतं. त्यामुळे आज आमची निम्मी डोकेफोड असते ती ही लाइन जिवंत ठेवण्याची. काही वेळ त्यावर काहीच बोलणं झालं नाही तर मधलं गेट करार विसरतं. काही नेटवर्कवर ते काही मिनिटांतच होतं. म्हणून फोन अधूनमधून "मी आहे" असं सांगणारा इवलासा निरोप पाठवतो. फार वेळा पाठवला तर बॅटरी खातो, कारण प्रत्येक निरोपासाठी फोनचा रेडिओ जागा होतो आणि पुढचे काही सेकंद जागाच राहतो. कमी वेळा पाठवला तर लाइन तुटते आणि दोन्ही बाजूंना ते कळतही नाही. किती मिनिटांनी पाठवायचा, यावर आमच्याकडे जेवढे वाद होतात तेवढे एसीच्या टेम्परेचरवरूनही होत नाहीत.

सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर अशा लाखो लाइन एकाच वेळी धरून बसायचं असतं आणि त्यातल्या बहुतेक गप्प असतात. व्हॉट्सॲप 2009 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी यासाठी अर्लँग ही प्रोग्रॅमिंगची भाषा निवडली. ती एरिक्सन कंपनीने 1980 च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवली होती. हजारो कॉल एकदम चालू, एक बिघडला तरी बाकीचे पडता कामा नयेत, हीच तिथली गरज. जानेवारी 2012 मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की त्यांच्या एका सर्व्हरवर 20 लाखांहून अधिक लाइन एकदम उघड्या राहू शकतात. आमच्या क्षेत्रात तो आकडा अजूनही लोक आदराने सांगतात.

आता प्रत्यक्ष 'निघाले' हातात घेऊन बघू. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये एक आकडा दिलेला आहे. 'निघाले' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, पण आत ती सहा चिन्हं आहेत: न, मग वेलांटी, घ, काना, ल, मात्रा. (वेलांटी दिसते 'न'च्या आधी, पण साठवली जाते नंतर.) इंटरनेटवर नेहमी वापरतात त्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे 'निघाले' झालं 18 बाइटचं. इंग्रजीत सहा अक्षरं टाइप केली असती तर 6 बाइट. जुन्या एसएमएसमध्ये हा फरक खिशाला जाणवायचा. 1992 मध्ये पहिला एसएमएस गेला तेव्हापासून एका एसएमएसची जागा 140 बाइटची. त्यात इंग्रजी 160 अक्षरं बसतात आणि मराठी लिहिलं तर सहसा 70 चिन्हं, त्यातही काने-मात्रे वेगळे मोजून. आपल्यातले कितीतरी जण मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकले त्यामागे कीबोर्ड होता तसं हे गणितही होतं. चॅटमध्ये तशी अडचण नाही. त्या 18 बाइटभोवती फोन आणखी माहिती गुंडाळतो: कुणासाठी, कुणाकडून, मेसेजचा ओळख क्रमांक. सगळं कुलूपबंद करतो (कुलपाकडे नंतर येते). तरी एकूण गठ्ठा काही शे बाइटांचा होतो. इंटरनेटवर माहिती छोट्या पॅकेटांत तुकडे करून जाते आणि एका पॅकेटमध्ये सुमारे 1,500 बाइट मावतात, तेव्हा आईचा मेसेज एकाच पॅकेटमध्ये बसतो. फोटोची मात्र शेकडो पॅकेट होतात.

इथून पुढे तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे. आईने बाण दाबला. मेसेजच्या कोपऱ्यात बारीकसं घड्याळ दिसलं. घड्याळ म्हणजे मेसेज अजून आईच्याच फोनमध्ये आहे. ॲपने तो आधी फोनच्या मेमरीत लिहून ठेवला आणि आता सर्व्हरला गाठायचा प्रयत्न चाललाय. संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटीवर किंवा दादरला एकेका टॉवरवर किती फोन तुटून पडलेले असतात याची कल्पना कर. रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, कारण टॉवर जवळ आहे. पण त्याच्याकडे सगळ्यांना एकदम बोलू द्यायला वेळ नाही. घाटकोपर ते ठाणे गाडी वेगात असते, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. जमलं नाही तर ॲप थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं. आमच्या ॲपात आधी एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, मग आठ, आणि प्रत्येक वेळी त्यात मुद्दाम थोडा मनमानी वेळ मिसळतो. हा मिसळलेला वेळ फार महत्त्वाचा. समजा सर्व्हर क्षणभर बंद पडून पुन्हा उठला. सगळे फोन बरोबर चार सेकंदांनी परत आले तर त्यांच्या लोंढ्याखाली तो पुन्हा आडवा होईल. प्रत्येकाला वेगवेगळा उशीर दिला की ते पांगून येतात.

पण आईने मेसेज टाकला, स्क्रीन बंद केली आणि फोन पर्समध्ये ठेवला तर? अनेक फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची ॲप गोठवतात. मग पुन्हा प्रयत्न करणारंच कुणी जागं नसतं. मेसेज घड्याळ लावून बसून राहतो आणि आई डोंबिवलीला उतरून रिक्षाच्या रांगेत फोन उघडते तेव्हा कुठे निघतो.

मेसेज सर्व्हरवर पोचला की पहिली राखाडी टिक. ही टिक साधी दिसते पण तिच्यामागे एक कडक शिस्त आहे: आधी लिहायचं, मग पोच द्यायची. सर्व्हरने मेसेज नीट साठवून घेतला, शक्यतो एकाहून जास्त यंत्रांवर, की मगच तो आईच्या फोनला "मिळाला" म्हणतो. उलट केलं, म्हणजे आधी "मिळाला" म्हटलं आणि लिहिण्याआधी यंत्राची वीज गेली, तर आईला टिक दिसते आणि मेसेज जगातून नाहीसा झालेला असतो. माझ्या मते चॅटमध्ये उशीर माफ आहे, खोटी टिक माफ नाही.

आता यात एक चिवट शंका आहे, तुझ्या वयाची मुलं ती बरोबर पकडतात. मेसेज सर्व्हरवर पोचला, सर्व्हरने पोच पाठवली आणि नेमकी तेव्हाच आईची रेंज गेली. आईच्या फोनला पोच मिळाली नाही. त्याला काय वाटणार? मेसेज वाटेत हरवला असेल, किंवा मेसेज गेला पण पोच हरवली असेल. त्याच्या बाजूने दोन्ही अगदी सारखंच दिसतं, आणि कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी त्या क्षणी हे ओळखता येत नाही. पुन्हा पाठवावा तर तुला दोनदा 'निघाले' येईल. न पाठवावा तर कदाचित एकदाही येणार नाही. यावरची तोड अशी, की पुन्हा पाठवायचाच, बिनधास्त, पण प्रत्येक मेसेजला जन्मतःच एक ओळख क्रमांक द्यायचा. तो क्रमांक आईचा फोन देतो, सर्व्हर नाही. सर्व्हरने दिला असता तर दुसऱ्यांदा आलेल्या त्याच मेसेजला नवा क्रमांक मिळाला असता आणि सगळं मुसळ केरात. फोनने दिलेला क्रमांक दुसऱ्यांदा दिसला की सर्व्हर म्हणतो, हा आहे माझ्याकडे, आणि नुसती पोच पुन्हा पाठवतो. तुझ्या फोनवरही हीच खबरदारी असते. एवढ्या एका क्रमांकामुळे आपण सगळे रोज त्याच त्या मेसेजच्या तीन-तीन प्रती वाचण्यापासून वाचलो आहोत.

शेवटचा टप्पा सर्व्हर ते तुझा फोन. तू चॅट उघडून बसली असशील तर लाइन उघडी असते आणि मेसेज पापणी लवायच्या आत येतो. पण तू अभ्यासाला बसली आहेस (असं समजू), फोन टेबलावर निजलाय. प्रत्येक ॲपने आपापली लाइन उघडी ठेवली तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून अँड्रॉइड फोन गूगलकडे आणि आयफोन ॲपलकडे एकच सामायिक लाइन उघडी ठेवतो. ॲपलने ही सोय 2009 मध्ये आणली, गूगलने 2010 मध्ये. चॅटचा सर्व्हर गूगलला किंवा ॲपलला सांगतो, अमक्या फोनला जागं करा. तो जागा होतो, ॲप डोळे चोळत उठतं, आपली लाइन जोडतं आणि मेसेज उचलून घेतं. मिळाल्याची पोच परत जाते, तेव्हा आईच्या फोनवर दुसरी राखाडी टिक. तू चॅट उघडलंस की आणखी एक पोच, आणि टिका निळ्या. निळा रंग नोव्हेंबर 2014 मध्ये आला आणि तेव्हापासून "बघून उत्तर का नाही दिलंस" ही भांडणं घरोघरी पोचली.

या जागं करण्यातच बरेचदा घोळ होतो. काही फोनमध्ये बॅटरी सेव्हर इतका कडक असतो की तो गूगलची हाकही ॲपपर्यंत लवकर पोचू देत नाही. कधी घरचं वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण राउटरच्या पुढे नेटच नसतं, आणि फोन त्या मेलेल्या वाय-फायला चिकटून राहतो. आमच्याकडे "मेसेज उशिरा येतात" अशा तक्रारी येतात त्यातल्या बहुतेकींचं मूळ मला याच शेवटच्या टप्प्यात सापडतं. त्या वेळात मेसेज सर्व्हरवर सुखरूप पडून असतो. व्हॉट्सॲपच्या नियमांप्रमाणे न पोचलेला मेसेज ते 30 दिवस ठेवतात, पोचला की सर्व्हरवरून काढून टाकतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर एका मेसेजचे तीन मुक्काम असतात आणि प्रत्येकाची वेगळी खूण. घड्याळ: आईकडे. एक टिक: सर्व्हरकडे. दोन टिका: तुझ्याकडे. आता पुढच्या वेळी बेल आणि मेसेज एकदम वाजले की आईच्या फोनवर तो मेसेज दाबून धर आणि त्याची माहिती उघड. तिथे तो कधी पोचला आणि कधी वाचला याच्या वेळा दिसतात. आईला एवढंच विचार, की गाडीत असताना तिने पाहिलं तेव्हा घड्याळ होतं का एक टिक. घड्याळ असेल तर दोष तिच्या बाजूच्या नेटवर्कचा किंवा फोनचा. एक टिक असेल तर तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं कर, आणि घरचं वाय-फाय खरंच चालतंय का ते बघ.

तुझ्या "इन्स्टंट" वाल्या शंकेवर माझं म्हणणं असं आहे: दोघं एकाच वेळी हजर असतील तर झटपट मेसेज पाठवणं ही फार अवघड गोष्ट नाही, कॉलेजची मुलं आठवड्यात असा प्रोग्रॅम लिहितात. सगळी खरी मेहनत समोरचा हजर नसताना काय करायचं यात आहे. कुलपाची गोष्ट त्याचंच सगळ्यात सुंदर उदाहरण.

मधला सर्व्हर मेसेज साठवतो म्हटल्यावर तो वाचत नाही कशावरून? कारण व्हॉट्सॲपमध्ये 2016 पासून प्रत्येक मेसेज आईच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि तुझ्याच फोनवर उघडतो. पण किल्ली दोघींकडे आली कशी? किल्ली सर्व्हरमार्गे पाठवली तर तीही तोच बघणार. याचं उत्तर 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जाहीर केलं, आणि ते तुला वहीत करून बघता येईल. दोन आकडे सगळ्यांना माहीत: 3 आणि 17. आईने मनात 2 धरला, तू 3 धरलास, कुणी कुणाला सांगायचं नाही. आईने 3 चा वर्ग केला, 9, त्याला 17 ने भागून बाकी 9. ती तिने जाहीर सांगितली. तू 3 चा घन केलास, 27, भागून बाकी 10. तीही जाहीर. आता आईने तुझ्या 10 चा वर्ग केला: 100, बाकी 15. तू आईच्या 9 चा घन केलास: 729, बाकी 15. दोघींकडे 15 आला आणि 15 हा आकडा कुणी उच्चारलाही नाही. ऐकणाऱ्याकडे 3, 17, 9 आणि 10 आहेत. इतक्या लहान आकड्यांत तो अंदाजाने फोडेल, पण खऱ्या ॲपमध्ये याच विचाराचं वेगळं गणित वापरतात आणि संख्या सत्तरहून जास्त अंकी असतात. तिथे आजचे कॉम्प्युटर हात टेकतात.

फक्त या खेळाला दोघी एकाच वेळी हजर लागतात आणि तू तर झोपलेली असू शकतेस. म्हणून तुझा फोन जागा असताना असे बरेच जाहीर आकडे (तुझ्या 10 सारखे) आधीच सर्व्हरवर ठेवून देतो. आईला पहिला मेसेज पाठवायचा असतो तेव्हा तिचा फोन त्यातला एक उचलतो, आपल्या बाजूचं गणित पूर्ण करतो, मेसेजला कुलूप लावतो आणि सोबत आपला जाहीर आकडा पाठवतो. तू उठशील तेव्हा तुझा फोन उरलेलं गणित करेल. शिवाय पुढे प्रत्येक मेसेजला किल्ली बदलत जाते. एक चोरीला गेली तरी जुने मेसेज उघडत नाहीत. सिग्नल ॲपच्या लोकांनी बनवलेली ही पद्धत व्हॉट्सॲपही वापरतं.

इथे फार निर्धास्त होऊ नकोस. मजकूर दिसत नसला तरी कुणी कुणाला आणि कधी पाठवला हे मधल्याला कळतं, त्याशिवाय तो पोचवणार कसा? चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात असेल तर त्याला वेगळं कुलूप लावावं लागतं, ती सेटिंग आपणहून चालू करायची असते. टेलिग्रामचे साधे चॅट असे टोकापासून टोकापर्यंत बंद नसतात, फक्त त्यातले 'सीक्रेट चॅट' असतात. आणि समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर कुठलंच गणित आडवं येत नाही.

फोटोचं एक गुपित सांगते. फोटो मेसेजच्या वाटेने जातच नाही. तुझा फोन तो बारीक करतो, नवी किल्ली बनवून कुलूपबंद करतो आणि वेगळ्या सर्व्हरवर चढवतो. मेसेजमध्ये जातो फक्त त्याचा पत्ता आणि किल्ली. म्हणून स्वतः काढलेला व्हिडिओ पाठवायला दोन मिनिटं लागतात, पण आत्याने फॉरवर्ड केलेला तसाच्या तसा व्हिडिओ तू पुढे ढकलतेस तेव्हा क्षणात जातो. तो वर चढलेलाच असतो. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरून "पोचलो" जातं आणि बाप्पाचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, तेही यामुळेच. गर्दीत एखादं पॅकेट निसटून जातं, हजारो जात नाहीत. ग्रुपमध्ये दुसरी टिक सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोचल्यावरच येते. वर्गाच्या ग्रुपवर तुझा मेसेज दिवसभर एका टिकेवर अडकला तर एखाद्याचा फोन बंद आहे, एवढाच अर्थ घे.

हे सगळं खरं की नाही ते दादाबरोबर करून बघ. दोघांचे फोन घरच्या वाय-फायवर ठेवा, दोन्हींचा मोबाइल डेटा बंद करा. मग राउटर चालू ठेवून त्यात बाहेरून येणारी नेटची वायर तेवढी काढा. घरच्यांची परवानगी घेऊन, आणि बाबांची मीटिंग चालू नसताना. आता दादाला मेसेज कर. दोन फोन एकाच राउटरला जोडलेले, मध्ये एक भिंत, आणि तरी घड्याळ हलणार नाही. दादाचा फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि वायर परत लाव: एक टिक. मग त्याचा फोन मोकळा कर आणि दुसरी टिक यायला किती सेकंद लागतात ते मोज. हेच त्याची स्क्रीन अर्धा तास बंद ठेवून कर आणि आकडे ताडून बघ, फरक पडला तर त्याचा बॅटरी सेव्हर तपास. मोबाइल डेटा बंद करायला मात्र विसरू नकोस, नाहीतर वाय-फायवर नेट नाही हे पाहून फोन गुपचूप त्यावर उडी मारेल आणि पहिलाच प्रयोग फसेल.